जितेपणी ठोकलेला बोया

व्हर्ना टिबेट्सचा बोया तिच्या दिरानं शेडच्या भिंतीला ठोकला, तेव्हा ती समोर पहिल्या रांगेत बसून घेवडा खात होती. चांगली जिवंत होती. बाकी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि हातातली ताटली मांडीवर ठेवून तिनंही दोन टाळ्या वाजवल्या. त्या दोन टाळ्यांची लाज तिला पुढं वर्षभर पुरली.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या त्या बेटावर मच्छीमार सोसायटीच्या शेडला उत्तरेची एक भिंत आहे. धंद्यातून किंवा जगातून गेलेल्या माणसांचे बोये तिच्यावर टांगलेले असतात. शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, धरणाऱ्या प्रत्येकाचे रंग ठरलेले, आणि त्याच रंगाचा बोया त्याच्या प्रत्येक पिंजऱ्याच्या दोरीला पाण्यावर तरंगत असतो. माणूस म्हातारा होऊन स्वतःहून धंदा सोडतो, तेव्हा तो आपला बोया आपल्या हातानं भिंतीला ठोकतो, दोन शब्द बोलतो, रडतो आणि घरी जातो. मेलेल्या माणसाचा बोया घरचं माणूस ठोकतं. तिसरा प्रकार नाही. ऑल्टनचा, म्हणजे व्हर्नाच्या नवऱ्याचा, बोया अकरा वर्षांपूर्वी तिनंच ठोकला होता. आणि आता तिच्या डोळ्यांदेखत तिचा ठोकला मर्लनं, ऑल्टनच्या धाकट्या भावानं. हातोडीच्या तीन घावांत.

"आमच्या वहिनीनं फार सोसलं," मर्ल हातोडी छातीशी धरून म्हणाला होता. "आता तिनं विश्रांती घ्यावी. किटलीच्या खडकाची काळजी आम्ही घेऊ."

खरी गोम त्या शेवटच्या वाक्यात होती. बेटाच्या दक्षिणेला पाण्याखाली किटलीसारखा गोल खडक आहे, आणि त्याच्या कडेकपारीत जितक्या शेवंडी लागतात तितक्या अख्ख्या खाडीत लागत नाहीत. तो टापू ऑल्टनचा होता. कागदावर नव्हे, कागदावर समुद्र कुणाचाच नसतो, पण बेटावर सगळ्यांना पाठ होता. ऑल्टनच्या मागं व्हर्नानं तो राखला. पिवळ्या बोयावर काळा पट्टा, हे तिचे रंग. त्याआधी तीस वर्षं ती नवऱ्याच्या होडीवर मागं उभी राहून पिंजऱ्यात आमिषाचे खारवलेले हेरिंग मासे भरत होती. तिच्या हाताचा वास आठवड्यातून एकदा, रविवारी चर्चमध्ये, थोडा कमी यायचा. तरी मर्लच्या लेखी ती कायम परमुलखातून आलेली सून. "बोया आमच्या घराण्याचा आहे, हिचा नाही," हे तो अकरा वर्षं चारचौघांत म्हणत आला होता. व्हर्ना ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यापेक्षा दीडपट माल काट्यावर टाकायची.

मग तिचा दम तुटायला लागला. आधी पिंजरा ओढताना, मग धक्क्याच्या पायऱ्या चढताना, मग बुटाची नाडी बांधताना. पाय असे सुजले की रबरी बूट कापून काढावे लागले. आडवी झाली की पाण्यात बुडाल्यासारखं व्हायचं, म्हणून ती खुर्चीत बसून झोपायची. जिल्ह्याच्या इस्पितळात एका डॉक्टरनं मशीन लावून पाहिलं आणि घड्याळाकडे बघत सांगितलं. हृदयानं दर ठोक्याला निम्म्याहून जास्त रक्त बाहेर फेकायला हवं, हिचं शंभरातले बावीस भाग फेकतंय. हृदयाच्या तिन्ही नळ्या बुजलेल्या. पुढची भिंत हलत नाही, म्हणजे मेली आहे. मेलेल्या स्नायूवर ऑपरेशन करून काय उपयोग? गोळ्या घ्या, मीठ सोडा, होडी विका.

हे मर्लच्या कानावर गेलं, आणि पंधरा दिवसांत घेवड्याच्या जेवणाची पंगत बसली. मायाळू बेट आहे ते. कुणी आजारी पडलं की मोठमोठ्या हंड्यांत गुळाच्या पाकातला घेवडा शिजतो, बायका ॲपल-पाय भाजून आणतात, सगळे पोटभर जेवतात आणि रडतात.

त्या पंगतीनंतर व्हर्ना घरी आली ती तशीच कोट न काढता खुर्चीत बसली. तिला रडू आलं नाही. असा संताप आला की सुजलेल्या पायांच्या नखापर्यंत गरम वाटलं. सकाळी तिनं हॉलिसला फोन केला. हॉलिस म्हणजे धक्क्यावर आमिष विकणारा म्हातारा, ऑल्टनचा दोस्त, बहात्तर वर्षांचा आणि तोंडाळ.

"हॉलिस, तुझा ट्रक पोर्टलंडपर्यंत जाईल का?"

"ट्रक जाईल. तू जाशील का, ते सांग."

"दुसऱ्या डॉक्टरला दाखवायचंय."

"कशाला? मेलीस की तू. परवाच तर मी तुझ्या नावानं ॲपल-पायचे तीन तुकडे खाल्ले."

"तेच ओकायला लावणार आहे एकेकाला. कधी निघायचं?"

हॉलिसनं पलीकडे ट्रकच्या किल्ल्या खुळखुळवल्या. मग म्हणाला, "टाकी भरून येतो."

पोर्टलंडची डॉक्टर पेलेटियर नावाची बाई होती. उंच, केस आखूड, आणि घड्याळाकडे न बघणारी. तिनं आधी व्हर्नाला सगळं बोलू दिलं, मग विचारलं, "मोठा झटका कधी आला होता का? छातीत कळ, घाम, असं काही?"

"कधीच नाही."

"मग ही भिंत मेली कधी?" डॉक्टरीणबाई कागद उलटसुलट करत पुटपुटली. "तुमच्या ईसीजीच्या पट्टीवरही मेल्याची खूण दिसत नाही. स्नायूला रक्त कमी पोचायला लागलं ना, की कधी कधी तो काम बंद करतो आणि नुसता जीव धरून राहतो. हलतच नाही, म्हणून मशीनवर मेल्यासारखा दिसतो. हाताच्या शिरेतून किरणांची साखर सोडून बघू. मेलेलं असेल तर साखर खाणार नाही. खाल्ली, तर जिवंत आहे."

"म्हणजे शेवंडीची शेपटी," व्हर्ना म्हणाली.

"काय?"

"थंडीत गार पाण्याच्या पेटीत ठेवली की शेवंड निपचित पडते. नांग्या लोंबतात, मिशी हलत नाही. नवशिका असला तर मेली म्हणून फेकून देतो. आम्ही शेपटी सरळ करून बघतो. जिवंत असली तर परत आत वळवते. हळू का होईना, वळवते."

डॉक्टरीणबाई हसली. "तर मग तुमची शेपटी ओढून बघू."

ओढून बघितली. दोन दिवसांनी पडद्यावर चित्र आलं. रक्ताच्या चित्रात पुढची भिंत काळोखी होती, आणि साखरेच्या चित्रात तीच भिंत दिव्यासारखी उजळलेली. तळाचा एक लहानसा कोपरा तेवढा दोन्हीकडे काळा राहिला होता. तो खरंच गेला होता.

"मेलेली नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाली. "उपाशी आहे."

व्हर्नानं ते शब्द मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिले. मग आपलं हृदय त्या काळोखात किती दिवस काही न मागता पडून होतं, याचा विचार येऊन तिचे डोळे भरले. घरच्यांनी आणि गाववाल्यांनी तिच्या नावाचं जेवण जेवून हात धुतले होते.

"नळ्या जोडून रक्त दिलं तर उठेल?"

"खात्री देणार नाही. काहींचं उठतं, काहींचं नाही. उठलं तरी महिने लागतात. आणि हृदय इतकं अशक्त असताना टेबलावरच काही बरंवाईट होऊ शकतं. नीट विचार करा. तुम्हाला हे कशासाठी हवंय?"

"एका माणसाला पुरून उरायचंय," व्हर्ना म्हणाली. "आणि टेबलाचं म्हणाल, तर मी तशीही भिंतीला टांगलेलीच आहे."

जूनमध्ये छाती उघडून, पायातली शीर काढून, तीन जोड दिले. व्हर्ना शुद्धीवर आली तेव्हा सगळ्यात आधी तिला दुखलं आणि लगेच मर्ल आठवला. नर्सला वाटलं ती देवाचं नाव पुटपुटतेय.

पुढचे महिने तिनं सुडासाठी शहाण्यासारखे काढले. डॉक्टरीणबाईनं सांगितलं दुधाच्या कॅनपेक्षा जड काही उचलायचं नाही, तर तिनं मांजरसुद्धा उचललं नाही. मीठ सोड म्हटलं, तर आयुष्यभर खाऱ्या पाण्यावर राहिलेल्या बाईनं मीठ सोडलं. स्वयंपाकघरातून पडवीपर्यंत चालायची, मग पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग जिन्याच्या सात पायऱ्या. प्रत्येक पायरीला मर्लच्या हातोडीचा एक घाव मोजायची. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा आकडा सव्वीस निघाला. बाविसाचे सव्वीस! त्या दिवशी परतताना ट्रकमध्ये ती आकड्याचा कागद उघडत-मिटत राहिली. हॉलिसच म्हणाला, "शेपटी हळू वळते म्हणालीस ना तूच."

ऑक्टोबरात मर्ल मकरोनीचं भांडं घेऊन भेटायला आला. खुर्चीत, गुडघ्यावर पांघरूण घेऊन बसलेली वहिनी बघून त्याला बरं वाटलं. ते त्याच्या तोंडावर दिसलंच.

"वहिनी, दम कसा आहे?"

"आहे तेवढा आहे, बाबा."

"किटलीवर यंदा अशा शेवंडी लागल्यात म्हणून सांगू! ऑल्टनदादा असताना लागायच्या ना, तशा. तुझ्या वेळी जरा... म्हणजे बाईमाणसाला जमेल तेवढंच जमणार, त्याला काय."

"घे बाबा. तुझंच आहे," व्हर्ना अगदी क्षीण आवाजात म्हणाली, आणि पांघरुणाखाली तिनं मूठ इतकी आवळली की तळव्यात नखं रुतली.

त्याच दिवशी तिच्या डोक्यात गोष्ट पक्की झाली. तोवर तिचा बेत साधा होता: बरं व्हायचं, चाकू घ्यायचा आणि त्याच्या सगळ्या दोऱ्या कापायच्या. पण दोरी कापणं हा गुन्हा, परवाना जातो. शिवाय ते एका सकाळीत संपून गेलं असतं. आणि मर्ल जाताना दारात हॉलिसला म्हणाला होता, "बिचारी. हिच्यापासून आता कुणाला काय त्रास आहे?" व्हर्नानं ते ऐकलं. खरंच की. मेलेल्या बाईवर कोण संशय घेणार?

म्हणून ती हिवाळाभर मेलेलीच राहिली. माणूस आलं की खुर्ची, पांघरूण, क्षीण आवाज. माणूस गेलं की सात पायऱ्या वीस वेळा. मे महिन्यात पोर्टलंडला आकडा निघाला सेहेचाळीस. डॉक्टरीणबाईनं तिला पडद्यावर दाखवलं. पुढची भिंत, कोपऱ्यातला तो काळा तुकडा सोडून, आत-बाहेर, आत-बाहेर करत होती. "ही बघा, कामावर आली," ती म्हणाली. व्हर्नानं तिचा हात धरून ठेवला आणि किती तरी वेळ सोडला नाही.

पहिल्या डॉक्टरलाही ती विसरली नव्हती. त्याला तिनं बर्फात घातलेली एक शेवंड खोक्यातून पाठवली, निपचित, नांग्या रबरानं बांधलेल्या. सोबत चिठ्ठी होती: "मेली म्हणून टाकू नका. आधी शेपटी सरळ करून बघा. मी सेहेचाळीस."

आता तिथल्या लोकांची एक रीत सांगायला हवी, तीही बोयाचीच. कुणी आपल्या टापूत पिंजरे टाकले तर आधी भांडत नाहीत, बोलतही नाहीत. त्याच्या बोयाच्या दांडीला दोरीची दोन वेढ्यांची गाठ मारून ठेवतात. तिचा अर्थ, इथनं हल. हलला नाही, तर पुढच्या खेपेला दोरी कापलेली असते. आपण पुन्हा येणार असू, आपल्यात तेवढी धमक असेल, तरच माणूस ही गाठ मारतो.

मे-जूनमध्ये त्या बाजूला धुकं असं पडतं की होडीच्या टोकाला उभं राहून मागचं टोक दिसत नाही. पहाटे, लोक कॉफी पीत असताना, व्हर्ना घरामागच्या ओहोळातून लहान होडकं काढायची. किटलीवर मर्लचे हिरवे-पांढरे बोये चाळीस होते. पहिल्या खेपेला तिनं पाचांना गाठी मारल्या. छातीच्या हाडात कळ होती, पण दम तुटला नाही. एकदाही नाही. परत येताना ती धुक्यात मोठ्यानं हसली.

दुसऱ्या आठवड्यात आणखी दहा. मर्ल आधी हसला, मग चिडला. गाठीला पुढं कापाकापी व्हायला हवी होती, पण ती होईना. नुसत्या गाठी. त्यानं सोडल्या की पुन्हा नव्या. आज कापेल, उद्या कापेल, या धसक्यानं तो झोपेनासा झाला. पलीकडच्या बंदराची माणसं आहेत, असं त्यानं ठरवलं आणि एका दुपारी जाऊन त्यांच्या सहा दोऱ्या कापल्या. त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांनी त्याच्या तीस कापल्या. मग त्यानं भाच्यावर आळ घेतला आणि भाचा त्याची होडी सोडून गेला. मग हॉलिसवर, तर हॉलिसनं त्याला आमिष द्यायचं बंद केलं. "गाठी मारायला माझ्याकडे होडी कुठाय, गाढवा?" हॉलिसनं त्याला सगळ्यांसमोर सुनावलं, आणि ते खरंही होतं.

मजा अशी, की त्या गाठी सगळ्या उलट्या पिळाच्या होत्या. व्हर्ना डावखुरी. तिच्या गाठी नेहमी डावीकडून वळायच्या, आणि तीस वर्षं सगळं बेट त्यावरून तिची थट्टा करत आलं होतं. मर्लनं धक्क्यावर दाखवलेली पहिली गाठ बघूनच हॉलिसला कळलं होतं. मर्लनं शंभर गाठी स्वतःच्या हातानं सोडल्या, पण त्याला कळलं नाही. कारण व्हर्नाचा बोया भिंतीवर होता, आणि तो त्यानं स्वतः ठोकला होता.

व्हर्नाला त्याची दया आली का? नाही आली. खिडकीतून तो एकटा, भाच्याविना, धापा टाकत पिंजरे ओढताना दिसायचा, तेव्हा ती चहात एक चमचा जास्त मध घालायची.

जुलैच्या पंगतीला हॉलिसनं तिला चाकांच्या खुर्चीतून आणलं, गुडघ्यावर तेच पांघरूण. बायकांनी गाल कुरवाळले, घेवडा वाढला. मर्ल टेबलाच्या टोकाला एकटा बसला होता. दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. जेवण अर्ध्यावर आलं आणि त्याचा तोल गेला. तो उठून ओरडायला लागला.

"तुमच्यातलाच कुणीतरी आहे! घेवडा खातोय माझ्या समोर आणि पहाटे गाठी मारतोय. मर्द असशील तर उभा राहा!"

मग पहिल्या रांगेत व्हर्नानं ताटली खाली ठेवली. पांघरुणाची घडी केली, खुर्चीवर ठेवली आणि उभी राहिली.

एका बाईच्या हातातून चमचा पडला. व्हर्ना चालत उत्तरेच्या भिंतीकडे गेली. शिडी ओढून लावली आणि पाच पायऱ्या चढली, मध्ये न थांबता. पिवळा बोया खिळ्यावरून काढला. उतरून तिनं खिशातून दोरी काढली, त्याच्या दांडीला डाव्या हातानं दोन वेढे दिले, गाठ आवळली, आणि तो मर्लच्या ताटलीत घेवड्यावर आदळला. त्याचा शर्ट पाकानं माखला.

"ओळख," ती म्हणाली.

मर्ल गाठीकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. "वहिनी... डॉक्टर म्हणाला होता, तुझं हृदय मेलंय म्हणून."

"मेलं नव्हतं. उपाशी होतं," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज अजिबात क्षीण नव्हता. "आणि तुम्ही सगळे जेवत होतात."

शेडमध्ये कुणी घास उचलला नाही.

"उद्या संध्याकाळपर्यंत किटली मोकळी कर, मर्ल. गाठीनंतर काय येतं ते तुला मी सांगायला नको. वर्षभर वाट बघितली मी, आणखी एक दिवस बघते."

त्यानं दुसऱ्या दिवशी दुपारीच पिंजरे उचलले. एकट्यानं, तीन खेपांत. मदतीला कुणी गेलं नाही. व्हर्ना धक्क्यावर पायऱ्यांशी उभी राहून शेवटचा पिंजरा निघेपर्यंत बघत होती.

"झालं समाधान?" हॉलिसनं विचारलं.

"हो," ती म्हणाली. "भरपूर."

हॉलिस हातोडी घेऊन शेडमध्ये भिंतीचा तो खिळा उपटायला निघाला, तर तिनं त्याला थांबवलं. "राहू दे. मला लागेल."

आता ती रोज संध्याकाळी माल घेऊन येते, रांगेत मर्लच्या पुढं उभी राहते, आणि वजन होईपर्यंत आपली ओली टोपी त्या खिळ्याला अडकवून ठेवते. वजन झालं की टोपी काढून डोक्यावर घालते आणि घरी जाते.